पाव इंचाची वेणी : अमेरिकी लष्कराची नियमावली आणि कृष्णवर्णीय स्त्रियांचे केस

31 मार्च 2014 रोजी अमेरिकी लष्कराने आपली गणवेश आणि पेहरावाची नियमावली सुधारून काढली. तिचा क्रमांक एआर 670-1. बुटापासून गोंदणापर्यंत सगळं त्यात येतं. स्त्रियांच्या केसांबद्दलचा मजकूर त्यात काही परिच्छेदांचाच आहे, पण महिना उलटायच्या आत त्यावरून थेट संरक्षणमंत्र्यांना आदेश काढावा लागला. पुढच्या सात वर्षांत लष्कराने हे परिच्छेद टप्प्याटप्प्याने मोडीत काढले. पेहरावाची शिस्त हा ज्या संस्थेचा कणा, तिनेच ती सैल का केली, हा या प्रकरणाचा विषय.

नियम असे होते. केसांचा फुगवटा टाळूपासून 2 इंचांपेक्षा जास्त नको. केस कॉलरच्या खालच्या कडेखाली जात असतील तर वर बांधायचे, म्हणजे व्यवहारात अंबाडा घालायचा. अनेक बारीक वेण्या चालतील, पण प्रत्येक वेणीची जाडी पाव इंचाच्या आसपास, आणि दोन वेण्यांमध्ये दिसणारी टाळू एक अष्टमांश इंचापेक्षा जास्त नको. दोन पेडांचे पीळ, ज्यांना तिकडे ट्विस्ट म्हणतात, ते बंद. ड्रेडलॉक्स, म्हणजे दोरासारखे पक्के झालेले केसांचे पेड, कोणत्याही प्रकारचे बंद, आणि त्यांचं वर्णन करताना 'मॅटेड', म्हणजे गुंतून जट झालेले, असा शब्द. या भाषेत 'अनकेम्प्ट' हा शब्दही होता, गबाळे या अर्थाचा. टोप, म्हणजे विग, आणि जोडकेस मात्र चालतील, नैसर्गिक दिसले म्हणजे झालं.

हे शेवटचं वाक्य पुन्हा वाचा. स्वतःच्या डोक्यावर उगवलेल्या केसांना दोन पेडांचा पीळ दिला तर नियमभंग. दुसऱ्या कुणाचे केस डोक्यावर शिवून घेतले तर परवानगी. हे दुसरे केस बऱ्याचदा भारतातले असतात. तिरुमलाला भक्तांनी दिलेल्या केसांचा देवस्थान लिलाव करतं, आणि तो माल टोप आणि जोडकेसांच्या जागतिक बाजारात जातो. अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय स्त्रिया या बाजाराच्या मोठ्या गिऱ्हाईक आहेत. तिरुपतीला कुणीतरी नवसाचे उतरवलेले केस जॉर्जियातल्या एखाद्या छावणीत नियमात बसत होते, आणि त्यांच्याखाली झाकलेले तिथल्या सैनिक स्त्रीचे स्वतःचे केस पीळ घालून मोकळे सोडले तर बसत नव्हते.

नियमाला पहिलं जाहीर आव्हान आलं ते जॉर्जिया राज्याच्या नॅशनल गार्ड या राखीव दलातल्या एका महिला सार्जंटकडून. व्हाइट हाउसच्या संकेतस्थळावर तिने याचिका टाकली. सतरा हजारांवर सह्या झाल्या. सरकारी उत्तरासाठी एक लाख लागत होत्या, तेवढ्या झाल्या नाहीत. पण बातमी झाली. लष्कराने प्रशिक्षणासाठी काढलेल्या स्लाइड्स बाहेर फिरू लागल्या. त्यांत 'हे चालणार नाही' म्हणून दाखवलेल्या छायाचित्रांत कृष्णवर्णीय स्त्रियांच्या केशरचनांचाच भरणा होता. एप्रिलमध्ये काँग्रेसमधल्या, म्हणजे अमेरिकी संसदेतल्या, कृष्णवर्णीय सदस्यांच्या गटातल्या 16 स्त्रियांनी संरक्षणमंत्री चक हेगेल यांना पत्र लिहिलं. त्यांचा आक्षेप नियमांवर होता तितकाच त्यातल्या भाषेवरही होता.

आकड्यांकडे पाहिलं तर हा किरकोळ गटाचा प्रश्न नव्हता हे कळतं. प्यू रिसर्च या संशोधन संस्थेच्या 2011 च्या अहवालानुसार अमेरिकी सैन्यदलांत पूर्णवेळ सेवेत असलेल्या स्त्रियांपैकी 31 टक्के कृष्णवर्णीय होत्या. पुरुषांत हेच प्रमाण 16 टक्के होतं. जवळजवळ दर तिसऱ्या महिला सैनिकाला हा नियम रोज सकाळी आरशासमोर भेटत होता.

लष्कराची बाजू, आणि ती अर्धी खरी का होती

लष्कराचं म्हणणं असं की आम्ही नवं काहीच केलेलं नाही. ट्विस्ट आणि ड्रेडलॉक्स 2005 पासून बंदच आहेत. आता फक्त व्याख्या स्पष्ट केल्या. हा मुद्दा बहुतेक टीकाकारांनी झटकून टाकला. मला तोच या प्रकरणातला सगळ्यात कामाचा धागा वाटतो. नियम जुनाच होता, तर 2005 मध्ये, 2008 मध्ये एवढी बोंब का झाली नाही?

कारण मधल्या काळात डोक्यावरचे केस बदलले होते.

2000 च्या दशकापर्यंत अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय स्त्रियांमध्ये रिलॅक्सर लावणं ही अगदी सर्वसाधारण गोष्ट होती. रिलॅक्सर म्हणजे केस कायमचे सरळ करणारं रसायन. त्यातला अल्कली, बहुतेकदा सोडियम हायड्रॉक्साइड, केसांच्या प्रथिनांमधले गंधकाचे बंध तोडतो, आणि कुरळेपणा जातो. मुळाशी उगवणारा नवा केस मात्र कुरळाच येतो, म्हणून दर सहा-आठ आठवड्यांनी पुन्हा लावायचं. टाळू चरचरते, कधी भाजते. असे केस घेऊन स्त्री छावणीत आली की अंबाडा सहज बसतो, 2 इंचांची मर्यादा कधी आड येत नाही, आणि नियम सगळ्यांना सारखा आहे असा देखावा टिकून राहतो. तो टिकवण्याचा खर्च, पैशाचा आणि टाळूचा, ती बाई गुपचूप भरत असते.

2008 नंतर हे झपाट्याने बदललं. मिंटेल या बाजार-संशोधन संस्थेने 2013 मध्ये नोंदवलं की पाच वर्षांत रिलॅक्सरची विक्री 26 टक्क्यांनी घसरली. यूट्यूबवर बायका एकमेकींना शिकवू लागल्या : रसायन सोडल्यावर जुने सरळ केस कापून टाकायचे, तिकडच्या बोलीत 'बिग चॉप', मग मूळ पोताचे केस वाढवायचे, कसे धुवायचे, कसे विंचरायचे, रात्री रेशमी रुमाल कसा बांधायचा. कित्येकींना पंचविशी-तिशीत पहिल्यांदाच कळत होतं की आपले केस मुळात दिसतात कसे. याच पिढीतल्या मुली सैन्यात होत्या. नियम जागचा हलला नाही. त्याला आजवर धकवून नेणारं रसायन तेवढं कमी झालं.

केशरचनेच्या 'फॅशन'वर लिहिताना हे हमखास निसटतं. वाटतं, लाट आली, ओसरेल. 1786 मध्ये लुइझियानाचा स्पॅनिश गव्हर्नर मिरो याने कृष्णवर्णीय स्त्रियांनी केस कापडाने झाकावेत असा हुकूम काढला, तेव्हापासून या केसांवर कुणाचं ना कुणाचं फर्मान आहेच. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मॅडम सी. जे. वॉकर यांनी केसांच्या औषधी मलमांवर मोठा उद्योग उभारला. साठच्या दशकाच्या उत्तरार्धात आफ्रो, म्हणजे मूळ कुरळ्या केसांचा गोल फुललेला आकार, राजकीय निशाण झाला. सत्तरच्या दशकात बारीक वेण्या, ऐंशीच्या दशकात ओलसर चमकणारे कर्ल, मग रिलॅक्सर आणि जोडकेस. प्रत्येक वळणावर नोकरी देणारा काय चालवून घेतो याची सावली आहे.

केस अंबाड्यात का बसत नाहीत

लष्करी अधिकाऱ्यांना प्रामाणिकपणे पडलेला प्रश्न हा होता : बाकीच्या बांधतात, मग यांना काय अडचण?

घट्ट कुरळ्या केसाचं मूळ कातडीत वळलेलं असतं आणि केसाचा छेद गोल नसून चपटा, लंबगोल असतो. टाळूचं तेल अशा वळणावळणाच्या केसावरून टोकापर्यंत पोचत नाही, म्हणून तो कोरडा राहतो आणि प्रत्येक वळणावर तुटायला टेकलेला असतो. रोज कोरडी फणी फिरवली की तो तुटतो. तो वाढतो तसा खाली पडत नाही, बाहेर फुलतो. म्हणून चार इंचांचा केससुद्धा कॉलरला न टेकता 2 इंचांची मर्यादा ओलांडतो. मागे ओढून अंबाडा घालायचा तर खूप ताण द्यावा लागतो, आणि ताण रोजचा झाला की कपाळाजवळची आणि कानशिलावरची केसांची रेघ मागे सरकते. वैद्यकात याला ट्रॅक्शन अलोपेशिया म्हणतात. सुरुवातीला ओढणं थांबवलं तर केस परत येतात. वर्षानुवर्षं चाललं तर मुळंच मरतात.

आता दोन पेडांचा पीळ कसा घालतात ते पाहा. केस धुऊन ओलेच ठेवायचे, थोडं मलम चोळायचं, शेपटीच्या फणीने चौकोनी भाग पाडायचे, प्रत्येक भागाचे दोन पेड करून एकमेकांभोवती टोकापर्यंत पिळत न्यायचे. टोक आपणच गुंडाळून राहतं, रबर लागत नाही. अख्खं डोकं व्हायला दोन-तीन तास जातात, पण मग आठवडा-दोन आठवडे फणी लावायला नको. घाम आला, पाऊस आला, हेल्मेट घातलं, काही बिघडत नाही. तीन पेडांच्या बारीक वेण्या याहून जास्त टिकतात. मोहिमेवर, जिथे धड अंघोळीचं पाणी मिळण्याची खात्री नसते, तिथे याहून सोयीचं काय असणार? सैनिकी गरजेच्या कसोटीवर हे पीळ सरळ पास होते. नापास होत होते ते 'नीटनेटकं' या कल्पनेच्या कसोटीवर, आणि ती कल्पना दुसऱ्याच पोताच्या केसांवरून घेतलेली होती.

लॉक्सबद्दल, म्हणजे ड्रेडलॉक्सबद्दल, मराठी वाचकाला थोडं वेगळं सांगावं लागतं. आपल्या डोळ्यांसमोर लगेच जट येते : केसांत गुंता झाला, तो देवीचा समजून सोडवायचा नाही, आणि काही घरांत त्यावरून मुलीला यल्लम्माला वाहायची तयारी. अंधश्रद्धा निर्मूलन समितीच्या कार्यकर्त्या गावोगाव जाऊन ती जट समजूत घालून कापतात, आणि ते योग्यच आहे. लॉक्सचा त्याच्याशी संबंध नाही. ते ठरवून, भाग पाडून, मुळाशी पीळ देत वाढवलेले असतात. नियमित धुतले जातात. पक्के व्हायला कित्येक महिने लागतात, आणि दर काही आठवड्यांनी मुळं पुन्हा पिळून घ्यावी लागतात. व्याख्येत 'मॅटेड' लिहिणाऱ्याने बहुधा तीच गफलत केली, जी आपल्याकडून पहिल्या नजरेत होईल. फरक इतकाच की आपण नियम लिहायला बसलेलो नसतो.

माघार, पण हप्त्याहप्त्याने

29 एप्रिल 2014 रोजी हेगेल यांनी सगळ्या सैन्यदलांना केसांच्या नियमांचा तीन महिन्यांत फेरविचार करायला आणि आक्षेपार्ह भाषा काढायला सांगितलं. ऑगस्टमध्ये निकाल आला. लष्कराने दोन पेडांच्या पिळाला परवानगी दिली, वेणीची जाडी पाव इंचावरून अर्ध्या इंचावर नेली, एक अष्टमांश इंच टाळूची अट काढली, आणि 'मॅटेड' व 'अनकेम्प्ट' हे दोन शब्द गेले. लॉक्सवरची बंदी राहिली.

पाव इंचाचा अर्धा इंच. ऐकायला हास्यास्पद वाटतं, पण डोकंभर पाव इंची वेण्या घालायच्या तर किती घालाव्या लागतील आणि किती तास बसावं लागेल याचा हिशोब केला की हसू जातं. जाडी दुप्पट झाली की वेण्यांची संख्या अर्ध्याहूनही कमी होते, आणि टाळूवरच्या प्रत्येक चौकोनात केस जास्त असल्याने मुळाशी ताण कमी बसतो. कागदावरचा हा सगळ्यात लहान बदल प्रत्यक्षात बहुधा सगळ्यात जास्त जणींच्या उपयोगी पडला असावा.

डिसेंबर 2015 मध्ये मरीन कोअरने लॉक्स आणि ट्विस्टना परवानगी दिली. शिस्तीच्या बाबतीत मरीन सगळ्यांत कडक समजले जातात, त्यामुळे बाकीच्यांना आता 'सैनिकी गरज' हे कारण पुढे करणं अवघड झालं. लष्कराने जानेवारी 2017 मध्ये स्त्रियांना लॉक्स मंजूर केले. त्याच महिन्यात शीख सैनिकांच्या पगडी-दाढीचा आणि हिजाबचा मार्गही लष्कराने मोकळा केला. तोवर एकेका शीख अधिकाऱ्याला अपवाद म्हणून लढावं लागत होतं. नौदल जुलै 2018 मध्ये आलं. त्याआधी, 2014 मध्ये, लॉक्स कापायला नकार दिलेल्या एका नौसैनिक स्त्रीला नोकरी गमवावी लागली होती. चार वर्षांनी तेच केस नियमात बसले. तिची नोकरी काही त्यामुळे परत आली नाही.

खरा निर्णायक टप्पा जानेवारी 2021 चा. या वेळी लष्कराने रीत बदलली : 17 जणांची समिती नेमली, त्यातल्या 15 स्त्रिया, बहुसंख्य कृष्णवर्णीय. त्वचारोगतज्ज्ञांचं मत घेतलं. चर्चेचा रोख 'काय शोभतं' यावरून 'काय इजा करतं' यावर आला. ट्रॅक्शन अलोपेशियाचा मुद्दा आता लष्करी कागदात आला, आणि त्याच्या जोडीला हेल्मेटचा. हेल्मेटची मागची कड अंबाड्यावर बसते. सैनिक पालथी पडून नेम धरू लागली की मान वर होते, अंबाडा हेल्मेटला मागून ढकलतो, पुढची कड डोळ्यांवर येते आणि दिसेनासं होतं. ही अडचण गोऱ्या सैनिक स्त्रियांनाही होती, वर्षानुवर्षं होती. नियमाने ज्या एका केशरचनेकडे सगळ्यांना रेटलं, ती युद्धात अडथळा आणणारी होती.

बदल मोठे होते. वेण्या, लॉक्स, पीळ यांच्या जाडीची मोजमापं काढून टाकली. एकाच वेळी एकाहून जास्त रचना चालतील. स्त्रियांसाठी किमान लांबीची अट गेली, म्हणजे डोकं पूर्ण भादरलेलंही चालेल. रेंजर या खडतर लष्करी प्रशिक्षणासाठी केस उतरवलेली स्त्री प्रशिक्षण संपवून परतली की तिचं डोकं नियमाबाहेर ठरे, तो वेडेपणा संपला. केस गळून गेलेल्या स्त्रियांचीही सोय झाली. 'ड्रेडलॉक' हा शब्दसुद्धा वगळला. मे महिन्यात पुढचं पाऊल पडलं : लांब पोनीटेल किंवा वेणी पाठीवर सोडता येईल, खांद्याच्या पात्यांच्या खालच्या कडेपर्यंत. अंबाड्याची सक्ती संपली.

न्यायालयाने जे केलं नाही

याच काळात नागरी नोकऱ्यांत काय चाललं होतं हे शेजारी ठेवून पाहण्यासारखं आहे. 2010 मध्ये अलाबामातल्या मोबाइल शहरात एका तरुणीला कॅटास्ट्रॉफी मॅनेजमेंट सोल्युशन्स या कंपनीने ग्राहकसेवेची नोकरी देऊ केली. मग मनुष्यबळ विभागाने लॉक्स कापायला सांगितलं. तिने नकार दिला, नोकरी गेली. समान रोजगार आयोगाने तिच्या बाजूने दावा लावला. 2016 मध्ये अकराव्या सर्किटच्या अपील न्यायालयाने निकाल कंपनीच्या बाजूने दिला. तर्क असा की वंश बदलता येत नाही, केशरचना बदलता येते. केसांच्या पोतावरून भेदभाव झाला तर तो वंशभेद, केसांच्या रचनेवरून झाला तर नाही. 2018 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रकरण ऐकायला नकार दिला.

म्हणजे न्यायालयात प्रश्न अडकला तो 'बदलता येतं का' या ठिकाणी. लष्करात तो 'बदलायची किंमत कोण, कशी मोजतं' इथे आला आणि सुटला. लष्कराला सद्बुद्धी झाली असं मी म्हणणार नाही. त्याला भरतीची गरज होती, काँग्रेसचा दट्ट्या होता, आणि एक तृतीयांश स्त्रिया गमावणं परवडणारं नव्हतं. पण कारण काही असो, त्याने विचारलेला प्रश्न जास्त बरोबर होता.

राज्यांनी हा तिढा कायद्याने सोडवायला घेतला. कॅलिफोर्नियाने जुलै 2019 मध्ये क्राउन कायदा केला : केसांचा पोत आणि वेण्या, लॉक्स, ट्विस्ट अशा रचना यांना वंशाच्या व्याख्येत धरलं. वीसहून जास्त राज्यांनी त्याचं अनुकरण केलं. मार्च 2022 मध्ये प्रतिनिधिगृहाने देशव्यापी विधेयक 235 विरुद्ध 189 मतांनी मंजूर केलं. सिनेटमध्ये ते अडकलं.

त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थांचा एक अभ्यास आला, 33,497 स्त्रियांचा. वर्षात चारपेक्षा जास्त वेळा केस सरळ करणारी रसायनं वापरणाऱ्यांमध्ये वयाच्या सत्तरीपर्यंत गर्भाशयाचा कर्करोग होण्याचं प्रमाण अंदाजे 4.05 टक्के, न वापरणाऱ्यांमध्ये 1.64 टक्के. अशा अभ्यासातून कार्यकारण सिद्ध होत नाही, संबंध दिसतो. उत्पादकांवर खटले मात्र भराभर लागले. 'केस बदलता येतात' हे वाक्य त्यानंतर पूर्वीइतक्या सहज लिहिणं कुणालाही जड जावं.

याचा अर्थ सगळ्यांनी मूळ पोत धरला असा नाही. आजही टोपाचा बाजार तेजीत आहे, आणि रिलॅक्सरकडे परत वळलेल्या तरुणीही दिसतात. रोजच्या धुण्या-पिळण्याला कंटाळलो असं त्या स्पष्ट सांगतात. वेण्या घालून घ्यायला पैसे लागतात, अख्खा दिवस जातो. 'नैसर्गिक'चीही सक्ती होऊ शकते, आणि ती करणाऱ्या बायका कमी नाहीत. लष्करातल्या बदलाचं एक चांगलं की त्याने कुठलीच बाजू घेतली नाही : अंबाडा हवा तर घाला, वेणी हवी तर घाला, भादरायचं तर भादरा.

प्रकरण मिटलेलं मात्र नाही. मार्च 2025 मध्ये संरक्षणमंत्री पीट हेगसेथ यांनी शारीरिक क्षमता आणि पेहरावाचे निकष पुन्हा तपासायचा आदेश दिला. दाढीबाबत त्यांचा सूर कडक आहे, आणि त्याची झळ दाढी केल्यावर केस उलटे आत वाढण्याचा त्रास असलेल्या कृष्णवर्णीय पुरुषांना आधी लागते. निकष कसकसे बदलले हे पाहण्यासाठी आदेशात तारीख घातली आहे ती 1 जानेवारी 2015. ऑगस्ट 2014 मध्ये मिळालेले दोन पेडांचे पीळ आणि अर्ध्या इंचाची वेणी त्या तारखेच्या आधीची, म्हणजे तपासणीबाहेर राहतात. 2017 चे लॉक्स आणि 2021 ची पाठीवरची वेणी तपासणीच्या कक्षेत येतात.